बाल्साचा रॉकेट-ग्लायडर: बांधणी, ट्रिम आणि पहिलं उड्डाण

रॉकेट-ग्लायडरला एकाच सांगाड्यावर दोन विरुद्ध कामं करावी लागतात. मोटर पेटली की बाणासारखं सरळ वर जायचं, तेही ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरने. मोटर विझली की त्याच पंखांवर ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने, म्हणजे माणूस चांगला जोरात धावतो तेवढ्या वेगाने, घिरट्या घालत उतरायचं. वेग आठपट झाला की पंखावरचं हवेचं बळ चौसष्टपट होतं. त्यामुळे पंखातला जो पीळ हातातून सोडताना लक्षातही येत नाही, तोच चढताना ग्लायडरला गिरकी घ्यायला लावून जमिनीत घालतो. नवख्यांचे बरेचसे अपघात असेच होतात, आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

यावरची युक्ती जुनीच आहे. चढताना तोल खूप पुढे ठेवायचा, वर पोचल्यावर तो मागे आणायचा. टोक जड असतं म्हणून बाण सरळ जातो. पण तेच जड टोक घेऊन तो तरंगू शकत नाही. मग ते ओझं वरच्या वर टाकून द्यायचं.

ओझं टाकण्याचे प्रकार अनेक. काही ग्लायडर शेपटीत बसवलेली मोटर बाहेर फेकतात आणि त्याच क्षणी मागच्या झडपा वर उचलल्या जातात. काहींचे पंख चढताना मिटलेले असतात, काहींचे सरकतात. यातलं काहीही पहिल्या बांधणीसाठी नको. सुरुवातीला पॉडचा ग्लायडर बरा: पुढच्या टोकावर एका पायावर बसवलेली छोटी नळी, तिच्यात मोटर, आणि वर गेल्यावर ती अख्खी नळी सुटून स्ट्रीमरवर, म्हणजे फडफडणाऱ्या लांब कागदी पट्टीवर, खाली येते. स्पर्धांच्या भाषेत पॉड टाकणाऱ्याला बूस्ट ग्लायडर म्हणतात आणि मोटरसह अख्खा उतरणाऱ्याला रॉकेट ग्लायडर. बोलताना दोन्हींना सर्रास एकच नाव वापरलं जातं, त्यात फार अडकू नका.

मोटर कोणती

मोटरवर ए८-३ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेग: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत; दर अक्षराला दुप्पट. पुढचा आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे मोटर विझल्यापासून इजेक्शन चार्ज, म्हणजे पॉड सोडवणारा मोटरमधला छोटा बार, उडेपर्यंतचे सेकंद, आणि ग्लायडरसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. पंखांमुळे ग्लायडरला हवेचा अडथळा जास्त, म्हणून तो साध्या रॉकेटपेक्षा लवकर थांबतो. ए८-५ घातली तर चार्ज उडेपर्यंत तो माथा ओलांडून नाक खाली करून सुटलेला असतो, आणि पॉड ऐन सुळकीत सुटतो. २ किंवा ३ सेकंदांच्या वर जाऊच नये. पहिल्या उड्डाणाला ए८-३, ते नीट झालं की बी४-२ किंवा बी६-२. शेवटी ० असलेली मोटर बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते, ती इथे चालत नाही.

या मोटरींचा व्यास १८ मिमी, लांबी ७० मिमी, आणि ए-बी वर्गात वजन साधारण १६ ते २० ग्रॅम. मोटर कारखान्यात बनलेलीच घ्यायची. घरी दारू ठासून मोटर करण्याचा विचारही नको. तो छंद नाही, स्फोट आहे. आपल्या भागात मोटर बाळगण्या-उडवण्याचे नियम काय आहेत ते आधी पाहून ठेवा.

सांगाडा

खालची मापं एकमेकांशी जुळवलेली आहेत. त्यातलं एक बदललं तर तोलाचे पुढचे आकडेही बदलतात.

- पंख: २.४ मिमी बाल्सा, एकूण लांबी ३०० मिमी, रुंदी ७५ मिमी, १५० मिमीचे दोन अर्धे
- दांडी: कडक बाल्सा, ४०० मिमी लांब, ६ मिमी जाड, १२ मिमी उंच
- आडवी शेपटी: १.६ मिमी बाल्सा, १३० × ४५ मिमी
- उभी शेपटी: १.६ मिमी बाल्सा, ५० × ४० मिमी
- पंखाची पुढची कड दांडीच्या नाकापासून १३० मिमीवर. आडव्या शेपटीची मागची कड दांडीच्या शेवटाशी

पंखासाठी बाल्सा निवडताना शीट उजेडात तिरपं धरा. पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते शीट आडव्या दिशेने ताठ असतं आणि सहसा पीळ घेत नाही. असं लाकूड चटकन चिरतं, पण पंखाला ताठपणा हवा, लवचीकपणा नको. रेषा पंखाच्या लांबीला समांतर ठेवायच्या. रुंदीला समांतर ठेवल्या तर पंख पहिल्याच उड्डाणात मधोमध काडकन मोडतो.

आकार देताना खालची बाजू सपाट राहू द्या आणि वरच्या बाजूला पॉलिश पेपर चालवा: सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण २२ मिमीवर, पुढची कड गोल, मागची कड घासत घासत ०.८ मिमीपर्यंत. १२० नंबरने सुरुवात, मग २२०, शेवटी ४००. दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवून सारखे झालेत ना ते बघत राहायचं.

पंखांना वर उचल हवी, नाहीतर ग्लायडर एका बाजूला कलंडला की सावरत नाही. दोन्ही टोकं २५ मिमी वर यायला हवीत. अर्धा पंख टेबलाच्या कडेशी ठेवा, टोकाखाली २५ मिमीचा ठोकळा द्या आणि मुळाची कड टेबलाच्या उभ्या कडेला धरलेल्या पॉलिश पेपरवर घासा. कोन आपोआप नेमका मिळतो. चिकटवताना एक अर्धा सपाट दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याचं टोक ५० मिमी वर. पांढरा वुड ग्लू दोन्ही कडांना पातळ लावा, पाच मिनिटं सुकू द्या, मग पुन्हा लावून जोडा. पहिला थर लाकडाच्या छिद्रांत मुरतो आणि सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो. सुपरग्लूचा मोह टाळा. तो झटपट धरतो खरा, पण ठिसूळ असतो, आणि चढताना नेमका मधला सांधाच सर्वांत जास्त वाकतो.

दांडीची वरची कड पंखाच्या मागेच निमुळती करायची, शेपटीपाशी ६ मिमी उंचीपर्यंत. खालची कड सरळ राहिली पाहिजे. पंख दांडीच्या वर बसतो, दोन्ही शेपट्या खाली. त्याला कारण आहे: पॉड वर असल्याने मोटरचा झोत दांडीच्या वरून जातो, आणि वर उभी शेपटी लावली तर ती जळते. पंखाचा मधला भाग आणि दांडीची वरची कड यांना ॲल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी चिकटवली की काळपटण्यापलीकडे काही होत नाही.

आडवी शेपटी चिकटवताना तिची पुढची कड आणि दांडी यांच्यात अर्धा मिमी जाड पुठ्ठ्याची चिंचोळी पट्टी घाला. शेपटीचं नाक अर्ध्या अंशाहून किंचित जास्त खाली झुकतं. एवढा कोन पुरतो. तो वाढवला की हातातून ग्लायडर छान तरंगतो, पण मोटरवर गोल कोलांटी घेतो.

रंग देऊ नका. पूर्ण ग्लायडर १६-१७ ग्रॅमचा होणार आहे. रंगाचे दोन थर सहज दीड-दोन ग्रॅम वाढवतात. मार्कर पेन चालतं. पंखाची खालची बाजू काळी किंवा गडद लाल करा, आकाशात तीच दिसते.

पॉड आणि त्याचा पाय

इथे घाई करायची नाही. पॉड चढताना हलता कामा नये आणि वर गेल्यावर अडकता कामा नये. दोन्ही गोष्टी एकाच खाचेने साधायच्या आहेत.

१५० मिमी लांबीची, १८ मिमी मोटर बसेल अशी कागदी नळी घ्या. आत मागच्या टोकापासून ६५ मिमीवर अडसराची कडी चिकटवा, म्हणजे मोटर पुढे सरकणार नाही आणि ५ मिमी बाहेर राहील. पुढच्या टोकाला बाल्साचा किंवा प्लॅस्टिकचा नोज कोन. नळी आणि नोज कोन जोडणारी दोरी ३० सेंटीमीटर पुरे, आणि तिला २५ मिमी × ५०० मिमीचा क्रेप कागदाचा स्ट्रीमर. पॅराशूट नको, त्याच्या दोऱ्या ग्लायडरला गुंडाळतात.

पॉडचा पाय दांडीच्याच ६ मिमी लाकडाचा करा: ५० मिमी लांब आणि नळी दांडीपासून १५ मिमी वर राहील इतका उंच. दांडीच्या वरच्या कडेला नाकापासून २५ ते ७५ मिमीपर्यंत ५ मिमी खोल खाच कापा. खाचेच्या दोन्ही बाजूंना ०.८ मिमी प्लायवुडच्या चकत्या चिकटवल्या की वरून उघडा कप्पा तयार होतो.

आता खाचेच्या दोन टोकांचे उतार नीट पाहा. इजेक्शन चार्ज पुढच्या दिशेने उडतो. नोज कोन पुढे फेकला जातो आणि त्याच्या धक्क्याने नळी मागे ढकलली जाते. म्हणजे चढताना पॉड पुढे रेटतो, सुटताना मागे सरकतो. म्हणून खाचेचं पुढचं टोक आत घुसणारं कापायचं, साधारण ६० अंशांत, म्हणजे पायाचं खालचं टोक त्या कडेखाली अडकेल. मोटर जितकी जोराने रेटेल तितका पाय घट्ट बसेल. मागचं टोक उताराचं ठेवायचं, ३० ते ४५ अंशांत, म्हणजे मागे सरकताच पाय त्या उतारावरून घसरून वर येईल. पायाचा आकारही तसाच, पण लांबीला २ मिमी कमी आणि जाडीला पॉलिश पेपरचे दोन हात कमी.

तपासणी अशी. रिकामी मोटर घालून पॉड बसवा आणि ग्लायडर नाक वर करून उभा धरा. पॉड स्वतःच्या वजनानेच मागे सरकून निसटला पाहिजे. नाही सुटला तर खाचेत मेणबत्ती घासा किंवा पायावर पॉलिश पेपर थोडा आणखी चालवा. मग नाक खाली करून हलवा. आता सुटता कामा नये. शेवटी पॉड खाचेत पुढे दाबून धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. टोकाशी १ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर चकत्यांच्या आतून पातळ कागद चिकटवा. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून ही तपासणी मैदानावर पुन्हा करावी लागते. घरी सैल असलेला पाय सकाळच्या दवात घट्ट झाला, असं हमखास होतं.

मोटर नळीत मात्र घट्ट हवी. मोटरला मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन अंगठ्याने जोर लावून बसवा. सैल राहिली तर चार्ज उडाल्यावर नोज कोनाऐवजी मोटरच मागे निसटते, नळीला धक्का बसत नाही आणि पॉड ग्लायडरवर तसाच राहतो. उलट नोज कोन सैल: नळी नाक खाली करून उलटी धरली की पडायला नको, पण दोन बोटांच्या हलक्या ओढीने निघाला पाहिजे.

लाँच लग, म्हणजे लाँच रॉडवर सरकणारी ५ सेंटीमीटरची छोटी नळी, पॉडच्या वरच्या बाजूला चिकटवा. दांडीच्या बाजूला चिकटवली तर पंख रॉडला घासतो.

ट्रिम: मोटरशिवाय

खरं काम इथे आहे: तोल आणि कोन जुळवून ग्लायडर नीट तरंगायला लावायचा, यालाच ट्रिम म्हणतात. दोन-तीन तास हातात ठेवा, वारा नसलेली सकाळ किंवा संध्याकाळ निवडा, आणि गवत गुडघाभर असेल तर उत्तमच.

आधी पीळ. ग्लायडर मागून, शेपटीकडून डोळ्यासमोर धरा. दोन्ही पंखांची मागची कड पुढच्या कडेच्या तुलनेत सारखी दिसली पाहिजे. एखाद्या पंखाची मागची कड टोकाकडे वर किंवा खाली गेली असेल तर किटलीच्या वाफेवर तो भाग काही सेकंद धरा, उलट दिशेला किंचित जास्त वळवा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा. दुसऱ्या दिवशी परत बघा, कारण बाल्सा जुन्या वळणावर परत जायला बघतो.

मग आडवा तोल. दांडीला नाकाशी आणि शेपटीशी बोटांवर टेकवा. जो पंख वर राहतो त्याच्या टोकाला थोडी क्ले, म्हणजे मुलांच्या खेळातली मऊ माती.

मग लांबीचा तोल, पॉड काढून. पंखाच्या पुढच्या कडेपासून २८ ते ३० मिमीवर दोन्ही पंखांखाली बोटाची टोकं ठेवा आणि ग्लायडर आडवा राहीपर्यंत नाकाला क्ले लावत जा. या मापाला साधारण ३ ग्रॅम लागते. फारच जास्त लागली तर शेपूट जड झाली आहे. तिथला ग्लू किंवा लाकूड घासून कमी करा, नाकावर ओझं वाढवत बसू नका.

हातातून सोडताना फेकायचं नाही. खांद्याच्या उंचीवर आडवा धरून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, समोरून येणाऱ्या मंद वाऱ्यात नुसता पुढे ढकलून सोडायचा. ७-८ मीटर जाऊन तो गवतात अलगद बसला तर ट्रिम जवळ आली. सरळ नाक घालत असेल तर नाकावरची क्ले चिमटीने कमी करा. वर चढून, थबकून, नाक आपटून पुन्हा वर असं लाटेसारखं करत असेल तर क्ले वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीन वेळा सोडून बघा. जोर जास्त लावला की चांगल्या ट्रिमचा ग्लायडरही लाटा मारतो. हाताची चूक ट्रिमच्या माथी मारली की पुढचे सगळे बदल चुकतात.

सरळ तरंगू लागला की वळण द्या, नाहीतर तो मैदानाबाहेर निघून जाईल. वळणासाठी उभी शेपटी वाकवण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो ऐकू नका. शेपटीचा परिणाम वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, त्यामुळे तरंगताना जे हलकं वळण असतं ते चढताना गिरकी होतं. क्लेचं वजन वेगाने वाढत नाही. ज्या बाजूला वळवायचं त्या पंखाच्या टोकाला दोन मिरीदाण्यांएवढी क्ले लावा. शेपूट चिकटवताना हे आधीच ठरवलं असेल तर आडव्या शेपटीचं एक टोक २-३ मिमी वर ठेवूनही वळण मिळतं. जे टोक वर, त्या बाजूला ग्लायडर वळतो. २० ते ३० मीटर व्यासाचं वर्तुळ पुरेसं. त्याहून घट्ट झालं की उंची भराभर जाते.

शेवटची परीक्षा जोरात फेकण्याची. ४० अंश वर, थोडा कलता धरून ताकदीने फेका. वर जाऊन एखादी डुबकी घेऊन तो तरंगू लागला पाहिजे. डोक्यावरून कोलांटी घेऊन मागे आला तर शेपटीचा कोन जास्त आहे: पुठ्ठ्याची पट्टी पातळ करा आणि नाकावरची क्ले थोडी कमी करा. सुळकीत गेला आणि सावरलाच नाही तर उलट.

आता पॉड, जिवंत मोटर आणि स्ट्रीमरसह तोल पाहा. तो पंखाच्या पुढच्या कडेच्याही ३० मिमी पुढे पडतो. पंखावर किंवा पंखाच्या मागे पडत असेल तर त्या दिवशी उडवू नका.

मैदान आणि लाँचपॅड

अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा-संहिता ए मोटरसाठी किमान ३० मीटर आणि बीसाठी ६० मीटरचं मैदान सांगते. ते रॉकेटसाठी ठीक. ग्लायडर ५०-६० मीटर उंचीवरून जवळपास मिनिटभर हवेत राहतो, आणि सेकंदाला ३ मीटरचा वारा त्याला तेवढ्यात १८० मीटर वाहून नेतो. मोठं मैदान शोधा आणि वाऱ्याच्या वरच्या कडेला उभे राहा. संहिता ताशी ३२ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत परवानगी देते. या ग्लायडरसाठी १० च्या वर गेला की सामान आवरलेलं बरं.

लाँच रॉड ३ मिमी जाडीचा. ९० सेंटीमीटरचा चालतो, १२० चा असेल तर फार बरं, कारण इथेच ग्लायडरची खास अडचण येते: त्याची शेपूट नोझलच्या, म्हणजे मोटरच्या मागच्या तोंडाच्या, २८-२९ सेंटीमीटर खाली लोंबते. पॉड नेहमीसारखा तळाशी ठेवला तर शेपूट झोत अडवणाऱ्या पत्र्यावर टेकते आणि पॉड खाचेतून उचलला जातो. म्हणून रॉडवर पत्र्यापासून ३५ सेंटीमीटर उंचीवर मास्किंग टेपचे वेढे देऊन जाड कडी करा, किंवा कपड्यांचा चिमटा लावा. लाँच लगचं खालचं टोक त्यावर टेकेल.

दुसरी अडचण तारांची. इग्नायटरच्या, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या बारीक तारेच्या, क्लिपा उंचावर लोंबत राहतात, त्यांचं वजन इग्नायटर ओढून काढतं, आणि मोटर पेटल्यावर खाली पडणारी क्लिप शेपटीला अडकते. पंख सलग निघतात आणि शेपूट पॅडवरच राहते, हा प्रकार बघायला गंमतीचा, पण ग्लायडर संपतो. ग्लायडरच्या विरुद्ध बाजूला दुसरी काठी रोवा, तारा नोझलच्या उंचीवर तिला टेपने बांधा, आणि क्लिपा बाजूने आडव्या येऊ द्या.

पॉड भरण्याचा क्रम: आधी वॅडिंग, म्हणजे न जळणारा मऊ कागद, दोन-तीन चुरगळलेले तुकडे, नळीत सैलसर, मग स्ट्रीमर गुंडाळून, त्यावर दोरी, मग नोज कोन. वॅडिंग विसरलं की स्ट्रीमर जळून जातो. मोटर बसवल्यावर इग्नायटर नोझलमधून आत शेवटपर्यंत सारा. टोक इंधनाला टेकलं पाहिजे. इग्नायटर धरून ठेवणारा प्लग दाबून बसवा. क्लिपा एकमेकींना किंवा रॉडला टेकू देऊ नका. हे सगळं होईपर्यंत कंट्रोलरची, म्हणजे लांबून मोटर पेटवायच्या बटणाच्या डब्याची, किल्ली तुमच्या खिशात.

रॉड सरळ उभा ठेवा, वाऱ्याकडे फार तर ५ अंश. ग्लायडर असा फिरवा की पंखाचं सपाट अंग वाऱ्यासमोर येणार नाही, नाहीतर रॉडच वाकून राहतो. मग सगळे ५ मीटर मागे, आकाशात विमान-पक्षी नाहीत ना ते बघा, किल्ली लावा, दिवा लागला की पाचपासून उलटी मोजणी. पेटलं नाही तर किल्ली काढून घ्या आणि पूर्ण ६० सेकंद थांबा. बहुतेक वेळा इग्नायटर इंधनाला टेकलेला नसतो, एवढंच.

वर काय दिसतं, आणि त्याचा अर्थ

एकाने फक्त ग्लायडरवर नजर ठेवायची, दुसऱ्याने फक्त पॉडवर. एकच जण दोन्ही बघायला गेला की दोन्ही हरवतात.

चढताना स्वतःभोवती सावकाश फिरणं चांगलं. त्याने बारीकसारीक चुका एकमेकींना मारतात. स्क्रूसारखं जोरात फिरत असेल तर पंखाला पीळ आहे, पुन्हा किटलीकडे जा. पाठीकडे वळत कोलांटी घेतली तर शेपटीचा कोन जास्त, किंवा पॉडसह तोल मागे. पोटाकडे वळून पुढे झुकला तर मोटरचा रेटा जास्त वरून लागतो आहे; पॉडचा पाय ३-४ मिमी कमी करा, आणि तो नाकाकडे झुकलेला तर नाही ना तेही पाहा. मधमाशीसारखा घूं घूं आवाज आला तर पंख फडफडतो आहे, म्हणजे लाकूड मऊ आहे किंवा टोकं फार पातळ घासली गेली आहेत. असा पंख बीवर नेऊ नका. टाळी वाजवल्यासारखे दोन्ही पंख वर मिटले तर मधला सांधा गेला. नव्या पंखात त्या सांध्यावर वरून आणि खालून कागदाची किंवा पातळ कापडाची पट्टी ग्लूने चिकटवा.

पॉड सुटला पण त्याची दोरी ग्लायडरच्या नाकात अडकून दोघं एकत्र गोल फिरत खाली आले, तर त्याला या छंदात रेड बॅरन म्हणतात. दोरी लांब ठेवली, स्ट्रीमर घट्ट कोंबला, किंवा नाकावर क्लेचा ओबडधोबड गोळा ठेवला की हे होतं. क्ले गुळगुळीत दाबा किंवा दांडीच्या टोकाला भोक पाडून आत भरा. पॉड सुटलाच नाही आणि ग्लायडर नाकावर आला, तर आधी मोटर नळीत आहे का ते बघा: नसेल तर टेपचे वेढे कमी पडले, असेल तर पाय घट्ट झाला.

हातातून सुरेख तरंगणारा ग्लायडर उंचावरून मात्र लाटा मारत आला, तर पॉड सुटताना त्याला वेग होता आणि लाटा विरत नाहीयेत. वळण थोडं वाढवा. वळणात लाटा लवकर मरतात. तरीही राहिल्या तर नाकावर मिरीच्या दाण्याएवढी क्ले.

ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, आणि १६ ग्रॅमचा ग्लायडर तिच्यात सापडला की खाली यायचं नाव घेत नाही. तो ठिपका होऊन दिसेनासा होतो. पंखावर संपर्क क्रमांक लिहून ठेवा, आणि बी मोटर सकाळी लवकर उडवा.

तुटलेला बाल्सा ओबडधोबड तुटतो हे चांगलंच आहे. दोन्ही तुकडे स्वच्छ कापायला जाऊ नका. तसेच एकमेकांत बसवा, ग्लू लावा, पिन टोचून सपाट वाळू द्या. दुरुस्तीनंतर तोल बदललेला असतो, म्हणून मोटर लावण्याआधी पुन्हा गवतात, हातातून.